मलिद्याच्या ताटातलं केळं

या सदराला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणारी २० वर्षांची, रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातली. पुण्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते, वसतिगृहात राहते. घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायचा, आजी मराठीतून बायबलमधल्या युसुफाची गाणी म्हणायची, शुभकार्याआधी मलिदा व्हायचा. वसतिगृहात आल्यापासून मात्र तिच्यापुढे रोज नवे प्रश्न. 'ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?' इथपासून 'गाझात जे चाललंय त्याबद्दल तुझं काय म्हणणं?' इथपर्यंत. परदेशातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासगटात ती दोनदा बसली. तिथली मुलं भराभर हिब्रू वाचत होती, तल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथातले दाखले देत होती. एका मुलीने अगदी प्रेमाने विचारलं, 'तुमच्या घराण्याने धर्मांतर केलेलं आहे का?' त्यानंतर ही पुन्हा त्या गटात गेली नाही. ती लिहिते: 'मावशी, माझ्याकडे फक्त खाणंपिणं आहे आणि फक्त आजीची गाणी. हिब्रू अक्षरं वाचता येतात, अर्थ कळत नाही. मी पुरेशी ज्यू आहे का? शिक्षण सोडून वर्षभर इस्रायलला जाऊन शिकू, की हे माझ्यासाठी नाहीच असं मान्य करू?' यंदा योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपासाच्याच दिवशी कॉलेजची परीक्षा आल्याचंही तिने शेवटी लिहिलं आहे.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. फक्त खाणंपिणं, फक्त गाणी, फक्त मराठी. या 'फक्त'पाशी प्रत्येक वेळी अडखळले. आधी त्याबद्दलच बोलू.

मलिद्याचं ताट डोळ्यांसमोर आण. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि भोवती फळं. वडीलधारं माणूस एकेक फळ उचलून ब्राखा, म्हणजे ईश्वराच्या स्तुतीचं वचन म्हणतं. खजूर हातात घेतला की 'बोरे पेरी हाएत्स', म्हणजे झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या ईश्वराची स्तुती. केळं घेतलं की 'बोरे पेरी हाअदामा', जमिनीचं फळ निर्माण करणाऱ्याची. केळं तर वर, डोक्याइतक्या उंचीवर लागतं. मग ते जमिनीचं फळ कसं?

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनियात संकलित झालेल्या तल्मुदात 'ब्राखोत' नावाचा भाग आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात झाड कशाला म्हणायचं यावर चर्चा आहे. फळ काढल्यावर जे उभं राहतं आणि पुन्हा फळतं, ते झाड. जे फळ देऊन संपतं, ते जमिनीचं. पुढच्या काळातल्या धर्मशास्त्र्यांनी हाच नियम केळ्याला लावला. आता सांग, केळीला घड किती वेळा येतो? एकदाच. घड उतरवला की ते खोड कापून टाकतात आणि शेजारचा कोंब वाढवतात. कोकणात परसदारी वाढलेल्या मुलीला हे कोणी शिकवावं लागत नाही. अभ्यासगटातल्या किती मुलांनी केळीचं खोड कापताना पाहिलं असेल? तल्मुदातला तो तर्क तुझ्या घरी दर मलिद्याला ताटात मांडला जात होता. आजीच्या हाताला तो माहीत होता. तुला त्याचं पान आणि ओळ माहीत नव्हती, एवढंच.

पण म्हणून तुझी अस्वस्थता खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुला बरं वाटेल आणि तुझं नुकसान होईल. हाताला असलेलं ज्ञान एका पिढीत जातं. आजीकडून आईकडे येताना अर्धं गळतं, वसतिगृहाच्या खोलीत तर ताटच नसतं. तुला शिकायला हवं, ही तुझी भावना अगदी बरोबर आहे. चुकतोय तो फक्त प्रश्न. 'पुरेशी आहे का' याचं उत्तर देताना मापटं कोणाच्या तरी हातात द्यावं लागतं. आपल्या समाजाने ते एकदा दुसऱ्याच्या हातात गेलेलं पाहिलंय. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळाने बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात असा नियम काढला. इथून सगळं सोडून गेलेली आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसली. १९६४ साली तिथल्या संसदेत ठामपणे सांगितलं गेलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि त्या नियमातून आपलं नाव काढावं लागलं. ती लढाई तुझ्या आजी-पणजीच्या पिढीने लढली आणि संपवली. तू ती खोलीत एकटी बसून स्वतःशीच पुन्हा लढू नकोस.

त्यापेक्षा आपली माणसं शिकली कशी, हे बघ. मला ते फार जवळचं वाटतं.

नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, सोबतचे ग्रंथ समुद्रात गेले, ही कथा तू ऐकलीच असशील. पुढे कित्येक पिढ्या ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. त्यांच्याकडे उरलं काय होतं? 'शेमा यिस्राएल' ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि खवले-पर नसलेली मासळी खायची नाही हा नियम. परंपरा सांगते की दावीद रहाबी नावाचा माणूस आला, त्याने बायकांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली, त्यांनी बरोबर तेवढीच निवडली आणि त्याने ओळखलं की हे आपले. म्हणजे आपली ओळख पहिल्यांदा पटली ती स्वयंपाकघरात. तू ज्याला 'फक्त खाणंपिणं' म्हणतेस, त्याच्याच जोरावर आपण टिकलो.

मग शिक्षण सुरू झालं, तेही मोठेपणी. मुंबईत १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, बांधलं. प्रार्थना शिकवायला कोचीहून माणसं येऊ लागली. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. त्यांना आपल्याला ख्रिस्ती करायचं होतं. आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि सिनेगॉगमध्ये परत आले! जोसेफ इझिकेल राजपुरकरांनी आयुष्य हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं करण्यात घालवलं, मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. १८७४ साली तुझ्याच पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, पेसाहच्या रात्री, वाचायची ती पोथी. तिच्या चित्रांत मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगड्यातल्या आहेत. पुढच्याच वर्षी हाईम सामुएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली. रिबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आली आणि पुढे त्याच शाळेची अनेक वर्षं मुख्याध्यापिका झाली.

यातल्या एकानेही 'मला हिब्रू येत नाही, म्हणजे मी कमी ज्यू' असं म्हटल्याचं दिसत नाही. येत नाही, तर शिकू या, आणि जी भाषा येते तिच्यातून शिकू या, एवढं त्यांनी केलं. उशिरा, मराठीतून, हाताशी येईल त्या पुस्तकातून शिकणं ही आपल्या समाजाची रीतच आहे. तू तिच्या बाहेर नाहीस, अगदी मधोमध आहेस.

आता त्या अभ्यासगटाकडे येऊ. धर्मांतराचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर मी रागावणार नाही. ज्यू माणूस कसा दिसतो याचं जे चित्र तिने लहानपणापासून पाहिलं, त्यात साडी, कोकण आणि मराठी नाही. ते अज्ञान तिचं आहे. तू ते तुझी उणीव म्हणून अंगावर घेतलंस आणि गट सोडलास. मला तिथे वाईट वाटलं. परत जा. पहिल्याच दिवशी सरळ सांग: 'मी बेने इस्रायल आहे, अक्षरं वाचते, अर्थ कळत नाही, थांबून सांगा.' हिलेल नावाच्या जुन्या गुरूचं एक वचन आहे, लाजणाऱ्याला शिकता येत नाही आणि तापट माणसाला शिकवता येत नाही. तू लाज सोड. ते तापट निघाले, तर दुसरा गट शोध. आणि एक दिवस त्यांना केळीच्या खोडाबद्दल सांग.

पण फक्त गटावर विसंबू नकोस. ज्यू अभ्यासाची जुनी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत दोघांची आहे. तिला हेव्रुता म्हणतात, 'हावेर' म्हणजे मित्र या शब्दाशी जोडलेला शब्द. दोघांनी एक उतारा समोर ठेवायचा, मोठ्याने वाचायचा आणि एकमेकांशी वाद घालायचा. एकाने म्हटलं असं, तर दुसऱ्याने विचारायचं का. सिनेगॉगमध्ये पूर्ण प्रार्थनेसाठी दहा पुरुष लागतात. त्यात आपल्याकडे बायका मोजल्या जात नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. अभ्यासाला मात्र दोघी पुरतात. ठाण्याची, मुंबईची, अहमदाबादची एखादी चुलत-मामे बहीण असेल, अश्दोद किंवा दिमोनाला गेलेल्या नातलगांची मराठी समजणारी मुलगी असेल, फोनवरून आठवड्यातून एकदा बसा. ज्यू मैत्रीण नाहीच मिळाली, तर वसतिगृहातली जी खरोखर कुतूहलाने विचारते तिला विचार. 'मला यातलं काही माहीत नाही' म्हणणारी जोडीदारीण फार चांगले प्रश्न विचारते.

सुरुवात कुठून करायची? युसुफापासून. आजीची गाणी पाठ आहेत ना? बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायापासून ५०व्यापर्यंत ती गोष्ट आहे. सिनेगॉगच्या साप्ताहिक वाचनात ती हनुक्काच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सणाच्या आसपास चार आठवड्यांत वाचली जाते. मराठी बायबलमधला जुना करार काढ. भाषांतर ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परंपरेतलं आहे हे ध्यानात ठेव. गोष्ट समजून घ्यायला ते पुरेल. शेजारी आजीच्या गाण्याची वही ठेव. गाण्यात आहे आणि ग्रंथात नाही असं काय? ग्रंथात आहे आणि आजीने गाळलं असं काय? का गाळलं असेल? हेच लिहून काढ. जुन्या काळापासून ज्यू अभ्यासक हेच करत आलेत, मूळ ओळ आणि तिच्याभोवती माणसांनी सांगितलेलं यांच्यामध्ये बसून विचार करायचा. मग सेफारिया या मोफत संकेतस्थळावर जा, तिथे मूळ हिब्रू आणि इंग्रजी शेजारी-शेजारी मिळतं, जुन्या अभ्यासकांचं भाष्यही मिळतं. एकदम तल्मुद उघडू नकोस. केळ्याचं पान तेवढं बघ, हवं तर.

हिब्रूसाठी वेगळा क्लास लगेच लावायची गरज नाही. तुला पाठ असलेल्या प्रार्थनांतले शब्द घे. शेमातला पहिला शब्द म्हणजे 'ऐक'. आठवड्याला दहा शब्द, वहीत, मराठी अर्थासह. वर्षभरात शुक्रवारची प्रार्थना आतून कळायला लागते. मी पंचेचाळिशीत अशीच सुरुवात केली. एका शुक्रवारी म्हणता म्हणता अर्थ कळला आणि मला पुढचं म्हणवेना.

शुक्रवारचा दिवा वसतिगृहात लावता येत नसेल, आगीच्या भीतीने बहुतेक ठिकाणी मनाई असते, तर आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत करून त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना म्हण. आपल्या आज्यांनी द्राक्षारस मिळत नव्हता तेव्हा हेच केलं. आणि पुण्यात आहेस तर रास्ता पेठेतल्या सुक्काथ शेलोमो सिनेगॉगला जा. लष्कर भागातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, बाहेरून तर रोज कित्येक पुणेकर पाहतात. आवारात ते बांधवणाऱ्या बगदादी ज्यू व्यापाऱ्याची, डेव्हिड ससूनची कबर आहे, आणि १८६०च्या दशकातली ती इमारत आहे. जाण्याआधी फोन कर, ओळखपत्र घेऊन जा. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर दारावर पोलीस असतात, अनोळखी माणसाला विचारपूस होते. ती तुझ्यावर संशय म्हणून नसते. पहिल्यांदा घरच्यांपैकी कोणाच्या तरी ओळखीने गेलीस, तर बायकांच्या बाजूला बसवून घेणारी, पुस्तकाचं पान काढून देणारी एखादी मावशी भेटेलच.

परीक्षेचं. ज्यू पंचांग गणिताने बांधलेलं आहे, योम किप्पूर पुढच्या दहा वर्षांत कधी येतो ते आजच बघता येतं. सत्र सुरू होतानाच, वेळापत्रक लागण्याआधी, विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना लेखी अर्ज दे, सोबत सिनेगॉगचं पत्र जोड. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा उल्लेख कर. त्याने सुट्टी आपोआप मिळत नाही, पण 'हे कोण?' हा प्रश्न तरी उरत नाही. अंतर्गत चाचणी बहुतेक वेळा पुढे-मागे करून मिळते. विद्यापीठाची परीक्षा सहसा हलत नाही. मी असा एक पेपर दिलेला आहे. उपास धरून लिहिला, त्या दिवशी लिहिणं नियमाप्रमाणे चूकच होतं, आणि तडक सिनेगॉग गाठून शेवटच्या नेइला प्रार्थनेला उभी राहिले. नेइला म्हणजे दार लावणं. आपली जुनी माणसं या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत, दारं लावून आत बसायचा दिवस. दार लागायच्या आत मी पोचले, एवढं मला पुरलं. तू वेगळं ठरवलंस, वर्ष गेलं तरी चालेल म्हणालीस, तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. घरच्यांशी बोलून ठरव. भीतीने मात्र ठरवू नकोस.

वसतिगृहातल्या प्रश्नांपैकी पहिला सोपा आहे. मी तुझ्या वयाची असताना मेसमध्ये एकदा वैतागून 'हो, ख्रिश्चनच' म्हणून मोकळी झाले होते. अजून ते टोचतं. तू दोन वाक्यं तयार ठेव: 'आम्ही रायगडातले शनिवार तेली. येशूच्या आधीपासूनचा आमचा धर्म, आणि घरची भाषा मराठी.' ऐकणाऱ्याला कुतूहल असेल तर तो पुढे विचारेल.

गाझाचा प्रश्न असा दोन वाक्यांत मिटत नाही. तुझी आत्या इस्रायलमध्ये राहते असं तू लिहिलंस, म्हणजे तुला तिथली भीती फोनवरून ऐकू येते. आणि गाझात मेलेल्या लेकरांची चित्रंही तू पाहतेस. दोन्ही दुःखं एका मनात राहू शकतात, कोणी एकच निवड म्हटलं तरी. तुझं मत असेल तर मोकळेपणाने मांड, ज्यू असणाऱ्या सगळ्यांचं एकच मत असतं असंही नाही. पण प्रार्थना कोणती करतेस यावरून एखाद्या सरकारच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी तुझ्यावर येत नाही. 'मला आज याबद्दल बोलायचं नाही' हे पूर्ण उत्तर आहे. कोणी त्यावरून छळत असेल, दारावर काही लिहीत असेल, तर तारीख-वेळ नोंदव आणि रेक्टरना लेखी कळव. एकटीने गिळू नकोस.

इस्रायलला जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पदवी पूर्ण कर. तरुणांसाठी तिकडे दहा दिवसांच्या सहली असतात, वर्षभराचे अभ्यासक्रमही असतात. पदवीनंतर जा, आनंदाने जा. पण इथे कमी पडतेय म्हणून पळून गेलीस, तर ते कमीपण सामानात बरोबर येईल. शिवाय तिथे गेलेल्या आपल्या लोकांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, मलिदाही सोडला नाही. तिथे पोचल्यावर तुला कोणीतरी आजीच्या गाण्यांबद्दलच विचारणार. रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

हे सदर वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांचे वडील बेने इस्रायल आहेत आणि आई नाही. त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण धर्मशास्त्र आईकडून मोजतं, आणि मी ते गोड शब्दांत झाकणार नाही. लग्न, सिनेगॉगमधलं स्थान यासाठी त्यांना जाणत्या रब्बींशी बोलावं लागेल. पण पुस्तक उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. वर सांगितलेला युसुफाचा अभ्यास त्यांनीही आजपासून करावा.

एक राहिलं. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, आजीच्या कपाटात फडक्यात गुंडाळलेली जुनी हगादा आहे, पानं सुटी झालीत म्हणून कोणी हात लावत नाही. या सुट्टीत घरी गेलीस की ती काढ. टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथर, पानं क्रमाने लाव, प्रत्येक पानाचा फोटो काढ. डिंक किंवा चिकटपट्टी अजिबात लावू नकोस, त्याने कागद खराब होतो. पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला बहुतेक घरांत कोणी ना कोणी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं, जन्मतारखा, नावं, कधी नुसता गावाचा पत्ता. आजी वाचून दाखवू शकते तोवर तिच्याकडून ती नावं वाचून घे, तिचा आवाज फोनवर साठव, आणि काय सापडलं ते मला लिहून पाठव.

तुझी,
मावशी